सरगुंड्यांची फाइल

अकोल्याला आत्याच्या घरात पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. आत्याचा मुलगा गणेशदादा लग्नांची, बारशांची शूटिंग घ्यायचा आणि त्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर ती जोडायचा. अकोल्याचं ऊन माणसाला सोसत नाही, तर मशीनला कुठून सोसणार? म्हणून त्यानं कॉम्प्युटरच्या खोक्याचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलं होतं आणि त्या उघड्या पोटाकडे तोंड करून एक टेबलफॅन लावला होता. टेबलफॅनचा खडखडाट वेगळा आणि खोक्याच्या आतल्या छोट्या पंख्याची घूंऽऽ वेगळी. हे दोन्ही आवाज मधल्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत यायचे. आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, "याची चक्की चालू हाय तोवर समजायचं, पोट्टं घरात हाय." त्या आवाजात आम्ही जेवायचो, त्याच आवाजात दुपारी डुलकी लागायची. सवय झालेला आवाज ऐकू येत नाही, आणि तो थांबला तरी चटकन कळत नाही. पुढे जे घडलं ते सगळं या एवढ्याशा गोष्टीवर अवलंबून होतं.

मी तेव्हा अमरावतीला पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव अकोटजवळचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करतात हे घरी कोणालाच सांगता यायचं नाही, आणि खरं म्हणजे मलाही नीट सांगता यायचं नाही. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, प्रत्येक सणाला एकच प्रश्न विचारायचे, "मंग, पोरगी आता काय शिकून रायली?" बाबा म्हणायचे, "फिल्म." त्यावर मोठे बाबा जे हसायचे ते आजही माझ्या कानात आहे. बाबा तेव्हा चहाचे कप गोळा करू लागायचे. एकदाच, मला एस.टी.त बसवून देताना, खिडकीपाशी उभं राहून म्हणाले होते, "एकाही विषयात राहू नोको, बाई. राहिली तं मी तुले पुढं शिकवू नाही शकनार. पैशाचं नाही म्हनत. माहा शब्द नाही चालनार घरात." ते रागानं बोलले नव्हते. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक छोटी फिल्म करायची होती. मी केली ती सरगुंड्यांवर. आमच्या गल्लीतल्या बाया चैत्रात आमच्या अंगणात जमायच्या. मळलेल्या कणकेची दोऱ्यासारखी वळी करायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची, मग काडी अलगद ओढून घ्यायची. हातात उरतं ते पोकळ, नागमोडी सरगुंडं. बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून ती वाळवायची आणि अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वाफवून आमरसाबरोबर खायची. उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजचा कॅमेरा मागून आणून मी हे सगळं टिपलं होतं. माय, मोठी माय, शेजारच्या काकू, त्यांच्या बांगड्या, त्यांची एकमेकींची टवाळी. "तुह्या सरगुंड्याची कंबर पाय वं, अगदी तुह्यासारखी," असं मोठी माय म्हणते, आणि माय इतकी हसते की काडी हातातून पडते. तो तुकडा मला सगळ्यांत आवडायचा. कॅमेरा परत गेला, त्यातलं सगळं पुसलं गेलं, पण ते आधीच गणेशदादाच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेलं होतं. नवरात्राच्या सुटीत मी अकोल्याला राहून ते जोडलं. दादानं आधीच बजावलं होतं, "दसऱ्यानंतर मी तुहं सगळं उडवनार हाय, वैशू. देवीच्या विसर्जनाची शूटिंग भरायले मले जागा लागते." मी हो म्हटलं. तोवर माझी फाइल तयार होणारच होती.

खंडेनवमीच्या सकाळी चहा झाल्यावर मी फिल्म एक्सपोर्टला लावली. मशीन जोडलेल्या तुकड्यांची एकसंध फाइल बनवतं, त्याला एक्सपोर्ट म्हणतात. दादाच्या जुन्या मशीनला त्याला फार वेळ लागायचा. "दिवे लागनीपर्यंत होईल," तो म्हणाला आणि बाहेर गेला. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या गतीनं सरकत होती. थोड्या वेळानं पडदा नेहमीप्रमाणे आपोआप काळा झाला, पंखे चालूच होते. मी आत आत्याला पुरण वाटू लागायला गेले.

तेवढ्यात बाबा आले. दरवर्षी दसऱ्याला ते शेतातला झेंडू दोन कट्टे भरून अकोल्याच्या बाजारात आणायचे आणि उरलेली फुलं घेऊन बहिणीकडे मुक्कामाला यायचे. आत्यानं पूजेचं काम लगेच त्यांच्यावर सोपवलं. नवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पुसून, एकत्र मांडून पुजतात. त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. बाबांनी विळी, कात्री, अडकित्ता, आत्याची शिलाई मशीन, सगळं पुढच्या खोलीत मांडलं आणि मधोमध दादाचा कॉम्प्युटर. मी नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा खोक्यावर कुंकवाची बोटं उठली होती, झेंडूची जाड माळ उघड्या बाजूवरून खाली लोंबत होती आणि निरांजन विझू नये म्हणून टेबलफॅन बंद केलेला होता. बाबांनी घंटा वाजवली. इतका स्वच्छ नाद त्या खोलीत मी कधी ऐकला नव्हता. मी डोळे मिटून मनात म्हटलं, देवी, माझी फिल्म नीट होऊ दे.

दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मशीनला कोणी हात लावला नाही. मग दादानं पूजा उतरवली. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेरून त्याची हाक आली, "वैशू, आली वं तुही फाइल. भलती मोठी हाय!" तेवढ्यात सोनं द्यायला शेजारपाजारचे आले, आपट्याच्या पानांची देवाणघेवाण, पाया पडणं सुरू झालं, आणि त्या गडबडीत दादानं फाइल पेनड्राइव्हवर घालून तो माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "एकदा चालवून पाहू का?" तो म्हणाला, "तू अमरावतीले जाऊन पाय ना, आता हे लोकं बसू देतात का?" मला आत कुठेतरी बरंच वाटलं. निकालाचा कागद जेवढा उशिरा उघडता येईल तेवढा उशिरा उघडणारी मुलगी होते मी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं अमरावतीला आले. त्याच्या पुढच्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. थेट कॉलेजच्या लॅबमध्ये गेले, पेनड्राइव्ह लावला, फाइलवर दोनदा क्लिक केलं. पडद्यावर एक करड्या रंगाची पाटी आली. इंग्रजीत होती. मी ती सावकाश वाचली. तिचा अर्थ साधारण असा होता की ही फाइल चालवता येत नाही. एकतर हा प्रकार या मशीनला माहीत नाही, किंवा फाइल बिघडलेली आहे. खाली एकच बटण: ओके. मला आठवतं, त्या बटणाचा मला राग आला होता. यात ठीक काय होतं? पण दाबायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दाबलं. पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच पाटी. शेजारच्या कॉम्प्युटरवर लावलं, तिथं वेगळी पाटी आली, आकडे आणि अक्षरं एकत्र असलेली. ती मला तंबीसारखी वाटली. आता मी स्वतः रोज अशा फायली हाताळते आणि मला माहीत आहे की या पाट्या कोणावर रागावलेल्या नसतात. पण ज्या घरात इंग्रजी कागद फक्त कोर्टातून किंवा दवाखान्यातून येतो, त्या घरातल्या मुलीला ते तेव्हा कोण सांगणार?

आमच्या मॅडम तिथून जाताना थांबल्या. त्यांनीही एकदा क्लिक करून पाहिलं. "वैशाली, उद्या परीक्षक बाहेरून येणार आहेत. ते फिल्म बघून गुण देतील. फिल्म चालली नाही तर मला काहीही करता येणार नाही, समजलं ना?" त्या हळू आवाजात बोलल्या. मी मान हलवली. 

माझ्या खोलीत राहणारी मनीषा परतवाड्याची, तोंडाची फटकळ आणि मनाची साफ. ती मला ओढत कॉलेजमागच्या नेटकॅफेत घेऊन गेली. कॅफेवाल्या भाऊंनी आधी म्हटलं, कोडेक नसेल. म्हणजे प्रत्येक प्रकारच्या व्हिडिओची एक किल्ली असते, ती या मशीनमध्ये नसेल. त्यांनी किल्ल्यांचा जुडगाच उतरवून घेतला. तो उतरेपर्यंत मी नखं खाल्ली. नवी पाटी आली. मग त्यांनी दुसरा प्लेअर टाकला. त्यात पाटी आली नाही, माझा जीव भांड्यात पडला, पण पडदा काळाच राहिला आणि खाली वेळेच्या जागी नुसती शून्यं. मग कोणीतरी मागून सुचवलं म्हणून फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं बदलून पाहिली. मशीननं विचारलं, असं केल्यास फाइल निकामी होऊ शकते, करू का? मी भाऊंचा हात धरला आणि म्हटलं, "नको, नको." मनीषा म्हणाली, "आता आनखी काय निकामी होनार हाय वं ते? तुह्या सरगुंड्यांत सोंडेकिडे पडले, मान्य कर." मी हसले आणि हसता हसता मला रडू आलं. सरगुंडी पुन्हा चैत्रातच होणार. परीक्षा उद्या.

मी दादाला फोन लावला. लागेना. आज विसर्जन, तो ढोलांच्या गर्दीत असणार. आणि त्याच वेळी लक्षात आलं की आज विसर्जन म्हणजे आजच तो माझं सगळं उडवणार. कदाचित सकाळीच उडवलंही असेल.  मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. भाऊ म्हणाले, "ताई, बसा जरा, पाणी प्या."

पाणी पिता पिता मी उगाच त्या फाइलवर उजवं क्लिक करून तिची माहिती उघडली. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. त्यात फाइलचं वजन होतं आणि ती शेवटची कधी लिहिली गेली ती वेळ होती. नवमीचाच दिवस. पण वेळ दुपारच्या आतली. मी दोनदा पाहिलं. दिवे लागणीपर्यंत चालणारं काम दुपारच्या आत कसं संपलं? त्या वेळी मी काय करत होते ते आठवू लागले. त्या वेळी माझ्या हातात नैवेद्याचं ताट होतं. बाबा घंटा वाजवत होते. किती स्वच्छ वाजत होती घंटा. टेबलफॅन बंद होता म्हणून. पण आतला छोटा पंखा? आणि मग ती माळ माझ्या डोळ्यांपुढे आली. झेंडूची जाड माळ, खोक्याच्या उघड्या पोटावरून लोंबणारी, आतला पंखा अगदी जवळ, आणि तिची एक पाकळीसुद्धा हलत नव्हती.

मशीन बंद होतं. फाइल अर्धीच होती. दसऱ्याला दादानं ते सुरू केलं तेव्हा काम संपल्यावर कोणीतरी बंद केलं असेल असं त्याला वाटलं असणार. पुढे कळलं की अशी फाइल पूर्ण झाल्यावर अगदी शेवटी तिच्यात एक अनुक्रमणिका लिहिली जाते. ती नसेल तर वजन कितीही असो, कोणत्याच प्लेअरला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की कोणतीही किल्ली टाकून उपयोग नाही.

मी आत्याच्या घरच्या फोनवर लावला. बाबांनी उचलला. ते संध्याकाळच्या गाडीनं गावी निघणार होते.

"बाबा, नवमीच्या दिवशी दुकानातली मशीन कोणी बंद केली होती?"

"मीच केली. कावून?"

मी समोरच्या पडद्यावरची ती वेळ पुन्हा पाहिली.

"चालत्या अवजाराची पूजा असते काय, बाई? औत उभं करून पुजतात. ते बिचारं सकाळपासून घरघर करून रायलं होतं. एक दिवस तं विसावा पाह्यजे का नोको त्याले? भिंतीवरचं बटन होतं, मोटरपंपासारखं, ते दाबलं. तरी खालचा बॅटरीचा डब्बा टीं टीं करून रायला, मंग त्याचंबी दाबलं." मग त्यांनी विचारलं, "काई बिघडलं का?"

नाही म्हणावं असं वाटलं. पण नाही म्हटलं असतं तर पुढे काय बोलणार होते? "बिघडलं नाही, बाबा. अर्धवट राहिलं. माझी फिल्म त्यात तयार होत होती. उद्या परीक्षा आहे."

पलीकडे त्यांनी फोन तोंडापासून दूर केला. मग ते आत्याला म्हणालेले ऐकू आलं, "कमले, मी पोरीची पेरनी अर्ध्या वावरात थांबवली वं." आणि मग मला, "आता काय करा लागते ते सांग."

"दादा कुठाय?"

"देवीमांगं गेला. सकाळी घाईत गेला. मशीनले हात नाही लावला त्यानं आज, मी पाह्यलं."

म्हणजे माझे तुकडे अजून जागेवर होते.  "बाबा, मग ते तुम्हालाच करावं लागेल."

"मले?" ते म्हणाले. "बाई, मी मोटरपंपाच्या बटनाशिवाय दुसऱ्या बटनाले हात नाही लावला. अन् लावला तं हे असं झालं."

फोनची तार पुढच्या खोलीपर्यंत जेमतेम पोचायची. आत्यानं फोन हातात धरला आणि बाबा कॉम्प्युटरसमोर बसले. मी अमरावतीहून, कॅफेतल्या पडद्यावर तसंच सॉफ्टवेअर उघडून, एकेक पाऊल सांगत होते. मशीन सुरू झालं तेव्हा पंख्याची घूं मला फोनमधून ऐकू आली. बाण बाबांच्या हातून सारखा निसटत होता. "तो पऱ्हाटीतल्या सशावानी पळून रायला," ते वैतागून म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, दाबू नका. तिफण धरता तसं धरा, हलकं आणि सरळ." त्यानंतर बाण पळाला नाही.

माझी फिल्म उघडली. पुढचा प्रश्न वाचण्याचा होता. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, आत्या मराठी चौथी. मी म्हटलं, "डावीकडे वरच्या कोपऱ्यातला पहिला शब्द दाबा. आता खाली शब्दांची रांग आली ना? त्यात दाताळ्यासारखं अक्षर शोधा, उभा दांडा आणि तीन दात." बाबा पुटपुटत राहिले. "दाताळं... दाताळं... इथी दोन शब्दाले दाताळं हाय." "त्यातला मोठा शब्द." "लागला." असं करत करत आम्ही शेवटच्या बटणापर्यंत आलो आणि बाबा एकदम म्हणाले, "पाटी आली! बाई, पाटी आली, आता?"

 ती पाटी मला दिसत नव्हती. "काय लिहिलंय?"

"मले वाचता आलं असतं तं तुले कॉलेजात कायले घातली असती?" आत्या मागून म्हणाली, "चिडू नोको रे, पोरगी घाबरली हाय." मग बाबा शांतपणे म्हणाले, "दोन बटनं हायेत. एकावर तीन अक्षरं. दुसऱ्यावर दोनच."

मी डोळे मिटले. जुनी अर्धी फाइल त्याच नावानं तिथं होती. तिच्या जागी नवी घालू का, असं मशीन विचारत असणार. असणार, पण खात्री नव्हती. ते दुसरंच काही विचारत असेल तर? तुमचं सगळं पुसू का, असं विचारत असेल तर? तिथं हो म्हटलं की चैत्रातलं अंगण, मायचं हसणं, सगळं गेलं. मनीषा माझ्या तोंडाकडे पाहत होती. बाबा पलीकडे वाट पाहत होते.

"तीन अक्षरांचं दाबा, बाबा."

क्लिकचा आवाज आला. मग काही नाही. मग बाबांचा आवाज, एकदम वेगळा, "हिरवी पट्टी आली. लय हळू सरकते. वाफ्यात पानी सोडल्यावानी."

"ती पट्टी पूर्ण भरेपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही."

"हात लावला तं हात तोडीन त्याचा," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतरचं मला आत्यानं पुढे कितीतरी वेळा सांगितलं. बाबांनी गावी जायचं रद्द केलं आणि त्या खुर्चीवरून उठलेच नाहीत. जेवणही तिथंच, ताट मांडीवर घेऊन. मधे लाइट गेली. लाइट गेली की मशीन चालू ठेवणाऱ्या दादाच्या जुन्या बॅटरीनं टीं टीं करून गोंधळ घातला, तेव्हा बाबा उठून खोक्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि लाइट येईपर्यंत तसेच राहिले. दादा गुलालानं माखून आला आणि म्हणाला, "मामा, उठा ना, माह्या कॅमेऱ्यात विसर्जन भरेल हाय, मले ते मशीनमध्ये टाका लागते." बाबा म्हणाले, "तुह्या देवीले थांब म्हन. आधी आमची लक्षुमी बाहेर येऊ दे." पट्टी भरल्यावर दादानं फाइल पेनड्राइव्हवर घातली, पण बाबांनी तेवढ्यावर सोडलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून दाखव म्हणाले. फिल्ममध्ये एका जागी अंगणाच्या बाहेरून बाबांचाच आवाज येतो, "चहा ठेवा वं कोनी, का आज सरगुंडेच प्यायचे?" तो ऐकून ते म्हणे दादावर डाफरले, "हे कावून ठेवलं? काढून टाक." दादा म्हणाला, "मामा, काढाले गेलो तं पुन्हा दिवसभर पट्टी पाहात बसा लागन." 

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त आत्याचा एक निरोप आला होता: झालं, सकाळी बाबा येतात. ती रात्र मी कशी काढली ते सांगण्यासारखं नाही. सकाळी स्टँडवर गेले. अकोल्याची एक गाडी आली, बाबा नव्हते. दुसरी आली, नव्हते. परीक्षा सुरू व्हायची वेळ जवळ येत चालली तसं मला वाटू लागलं की बडनेऱ्याला कुठे गाडी अडकली असेल, किंवा ते चुकून भलतीकडेच उतरले असतील. अमरावतीला ते याआधी एकदाच आले होते. तिसऱ्या गाडीतून ते उतरले. पांढरा धुतलेला सदरा, एका हातात आत्यानं दिलेला पुरणपोळीचा डबा. पेनड्राइव्ह रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवला होता. रुमालाची गाठ सुटेना इतकी घट्ट. सुटली तेव्हा आत पेनड्राइव्हबरोबर झेंडूचं एक चुरगळलेलं फूल होतं.

"चालते," ते म्हणाले. "मी सगळी पाह्यली."

लॅबमध्ये परीक्षक बसले होते, शेजारी मॅडम. बाबा चपला बाहेर काढून दारात उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. मी पेनड्राइव्ह लावला.  फाइलवर दोनदा क्लिक केलं आणि पाटीची वाट पाहत राहिले. पाटी आली नाही. पडदा क्षणभर काळा राहिला, मग बांगड्यांचा आवाज आला, मग मायचे हात. कणकेची वळी काडीवर फिरू लागली.  परीक्षक पुढे वाकून बघत होते. मोठ्या मायच्या बोलण्यावर ते हसले. बाबांचा आवाज आला तेव्हा मी दाराकडे पाहिलं; बाबा जमिनीकडे पाहत होते.

शेवटी वाळत घातलेली सरगुंडी दिसतात, त्यांच्यावर ऊन उतरत जातं आणि हळूहळू पडदा अंधारतो. तो अंधार मी मुद्दाम थोडा लांब ठेवला होता. परीक्षकांनी वहीत काही लिहिलं, "छान" म्हणाले. दुसऱ्या मुलाची पाळी होती. मॅडमनी कॉम्प्युटरकडे हात नेला.

"थांबा, बाई," दारातून बाबांचा आवाज आला. सगळे वळले. बाबा घाबरले होते, पण हात पुढे करून उभे होते, बांधावरून दुसऱ्याच्या बैलाला थांबवावं तसे. "बटन दाबू नोका. आधी पोरीले इचारा, तिचं झालं का."

खोलीत सगळे माझ्याकडे पाहू लागले. पडदा अजून काळाच होता. मी शेवटचा काळोख संपेपर्यंत थांबले, आणि मग म्हटलं, "हो बाबा. आता झालं."